हन्सलेटची गल्ली, वरळीची गॅलरी

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात माझा धाकटा भाऊ होता. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. व्हिडिओ कॉलवर आईने सगळ्यात आधी न्हाणीघर दाखवलं. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. इकडे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये माझे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात आमच्या मजल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. एकाने लिहिलं, चाळ गेली, आता माणसं दार लावून बसणार. दुसऱ्याने सुनावलं, चाळीचे गोडवे गाणारे सगळे केव्हाच बाहेर पडलेले आहेत. हातात बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहायचं नसलं की चाळ गोड लागते. हे मलाही लागू होतं. वीस वर्षं झाली मला इथे येऊन. त्याचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पण या भांडणात एक माणूस बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं, ते म्हणजे माझ्या शेजारच्या बाई.

बाईंचं वय सत्त्याहत्तर. जन्म दक्षिण लीड्समधल्या हन्सलेटचा. हन्सलेट म्हणजे या शहराचं गिरणगाव, फक्त तिथे सुतापेक्षा लोखंड जास्त. रेल्वेची इंजिनं घडवणारे कारखाने तिथे ओळीने होते. त्यातल्याच किटसन कंपनीने १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची पहिली इंजिनं बांधली. आमचं मूळ गाव बार्शी तालुक्यातलं. आजोबा लहानपणी ज्या गाडीमागे धावले ती बाईंच्या गल्लीपलीकडे तयार झाली होती, हे कळलं त्या दिवसापासून मला हे शहर थोडं जवळचं वाटायला लागलं.

बाईंचं लहानपणचं घर पाठीला पाठ लावून बांधलेलं. म्हणजे मागची भिंत मागच्या घराची, डावी-उजवीकडची भिंत शेजाऱ्यांची, दार-खिडक्या फक्त पुढून. हवा आरपार खेळायला वाटच नाही. अशी घरं नव्याने बांधायला १९०९च्या कायद्याने बंदी आली, पण आधीच मंजूर झालेल्या आराखड्यांच्या आधारावर लीड्समध्ये ती १९३७पर्यंत उठत राहिली. खाली एक खोली, वर एक, माळा आणि कोळशाचं तळघर. संडास घरात नाही. आठ घरांमागे एक चौक सोडलेला, त्यात सामाईक संडास. त्याची किल्ली दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला बांधून दारामागे टांगलेली असायची. हिवाळ्यात रात्री जायचं तर कोट घालून, मेणबत्ती घेऊन. अंघोळ शुक्रवारी, शेगडीसमोर पत्र्याच्या टबात, एकाच पाण्यात एकामागून एक सगळी भावंडं.

हे त्या सांगतात तेव्हा आवाजात गोडवा नसतो. आई खोकून खोकून रात्री उठून बसायची, धुराने पडदे आठवड्यात काळे व्हायचे. पण सोमवारचं सांगायला लागल्या की त्यांचा चेहरा बदलतो. सोमवार धुण्याचा. गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, त्यावर चादरी, आणि त्या ओल्या चादरींखालून धावणारी पोरं. कोळशाची गाडी आली की बायका बाहेर येऊन लांब काठीने दोऱ्या वर उचलून धरायच्या आणि गाडी खालून जायची. दाराची पायरी दगडाने घासून पांढरी करायची. जिची पायरी मळकी तिच्या घरात आजारपण आहे हे गल्लीला न विचारता कळायचं आणि दुपारी कुणीतरी सूप घेऊन जायचं. शेजारच्या सगळ्या बायका ‘आंटी’. नातं नसलं तरी आंटी. मला यात काही नवीन वाटलं नाही. आमच्या मजल्यावर वीस खोल्या होत्या आणि मला निदान बारा मावश्या होत्या.

व्हिटसन म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण. त्या दिवशी पोरांना वर्षातले नवे कपडे मिळायचे. ते घालून दारोदार जायचं, आणि शेजारी खिशात एखादं नाणं टाकायचे. दसऱ्याला सोनं घेऊन आम्ही खोली नंबर एकपासून वीसपर्यंत जायचो, तसंच. पाच नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये होळीसारखी शेकोटी पेटवतात. तिच्यासाठी महिनाभर लाकडं जमवायची, दुसऱ्या गल्लीच्या ढिगातून रात्री पळवायची, आपल्या ढिगावर पहारा ठेवायचा. लाकडं पळवण्याची ही विद्या वरळीतही अगदी अशीच होती.

एक गोष्ट बाईंनी बऱ्याच उशिरा सांगितली. पलीकडच्या घरात नवरा बायकोला मारायचा. एका विटेच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. सकाळी त्या बाईची पायरी सगळ्यांच्या आधी पांढरी झालेली असायची. कुणी काही विचारत नसे. चाळीत तरी काय वेगळं होतं? १९८२चा गिरणी संप फसला त्यानंतरच्या वर्षांत आमच्या मजल्यावर काय काय ऐकू यायचं ते आम्हा सगळ्यांना आठवतं, आणि ग्रुपवर त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. चाळीच्या माणुसकीचा हिशेब मांडताना ही बाजूही धरली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मला चाळ टिकवायची नाही. बाईंनाही गल्ली परत नको आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, त्या संडासात मी एक रात्रही जाणार नाही, लव. (इकडे प्रेमाने अशी हाक मारतात.) मग काय गेलं त्याचं दुःख होतं? त्यांची गल्ली पाडल्यावर त्यांना हन्सलेटमध्येच नव्या फ्लॅटमध्ये जागा मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा अंघोळ केली. पण गल्लीतली घरं वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली. ज्या आंटीकडे आई न सांगता मूल टाकून जायची, तिच्याकडे जायला आता दोन जिने आणि एक लांबलचक पूल. वर भिंतींना ओल धरायची, बुरशी यायची, आणि घर गरम ठेवायचं विजेचं बिल परवडायचं नाही. साठच्या दशकाअखेर उभी राहिलेली ती वसाहत १९८३ साली पाडली. पंधरा वर्षांत त्या बाईंना दुसऱ्यांदा उठवलं.

लीड्सला हा धडा दुसरीकडेही मिळाला. क्वारी हिलवर गलिच्छ वस्ती काढून महापालिकेने ९३८ फ्लॅट्सची अवाढव्य वसाहत बांधली. १९३८ साली लोक राहायला आले, तेव्हा तिथे लिफ्ट होत्या, घरातून कचरा परस्पर वाहून नेणारी यंत्रणा होती. १९७८पर्यंत ती जमीनदोस्त. आतलं लोखंड गंजलं होतं आणि दुरुस्तीचा खर्च कुणी उचलायला तयार नव्हतं. आमच्या ग्रुपवर मेंटेनन्स किती येईल यावर आता कुजबुज सुरू झाली आहे. चाळीस मजल्यांच्या लिफ्टचा खर्च गिरणी कामगाराच्या पेन्शनमधून निघत नाही. हा प्रश्न चावी मिळाल्याच्या आनंदात मागे पडू नये.

पण याच शहराने एक शहाणपणाचं कामही केलं. क्वारी हिल ज्यांच्या पुढाकाराने झालं ते चार्ल्स जेन्किन्सन हे लीड्समधल्याच हॉलबेकचे पाद्री होते आणि १९३३पासून महापालिकेच्या गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष. त्यांनी भाडं मिळकतीप्रमाणे ठरवलं. ज्याला भरता येत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. त्यावरून पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला फटका बसला. आणि त्यांच्या भागातली घरं पाडून लोक बेल आइलच्या नव्या वसाहतीत गेले तेव्हा जेन्किन्सनही त्यांच्यामागे तिकडे राहायला गेले. ओळखीचा माणूस सोबत गेला याचं मोल किती असतं हे मला बाईंकडे बघून समजतं, कारण त्यांच्यासोबत कुणी गेलं नाही.

बीडीडीत घरं संगणकीय सोडतीने दिली जातात. सोडत हवीच, नाहीतर वशिल्याने वरचे मजले कुणाला जातील हे सांगायला नको. पण चिठ्ठी एकेका कुटुंबाची निघते, तेव्हा वीस खोल्यांचा मजला वीस दिशांना जातो. चिठ्ठी अख्ख्या मजल्याची काढता येईल. या मजल्याच्या वीस खोल्या नव्या इमारतीत शेजारशेजारच्या मजल्यांवर, आणि त्यातलं कोणतं घर कुणाचं, ते त्यांच्यात पुन्हा चिठ्ठी टाकून. भ्रष्टाचाराला वाव तेवढाच कमी. नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळींत ज्यांची घरं अजून ठरायची आहेत त्यांनी ही मागणी आताच लावून धरावी. लिफ्टसमोर चार बाकडी मागावीत, कारण गॅलरी नसेल तर म्हातारी माणसं बसणार कुठे?

आमच्यापुरतं उशीर झाला आहे. आई सकाळी न्हाणीघराचं कौतुक करते आणि संध्याकाळी विचारते, तेरा नंबरवाल्या मावशी कुठल्या विंगला गेल्या. भावाला मी सांगितलं, कागद घे, एक ते वीस नंबर लिही आणि प्रत्येकापुढे नवा मजला, नवं घर, फोन. त्याने तो कागद फ्रिजवर लावला आहे. सतरा नंबर भरून झाले. तिघांचा पत्ता अजून लागायचा आहे.