चहाचा चोथा, निनावी चिठ्ठी आणि घराचा उंबरठा

न्यू जर्सीतल्या आमच्या एका मराठी ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. खाली 'जनहितार्थ' असल्यामुळे तो मला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "अमेरिकेत घराबाहेर ठेवलेला कचरा तुमचा राहत नाही. कुणी निनावी खबर दिली आणि कचऱ्यात गांजाची काडी सापडली, की पोलिसांना घरझडतीचं वॉरंट मिळतंच. सुप्रीम कोर्टाने 1983 आणि 1988 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलंय. सगळ्या राज्यांत हेच चालतं. शिवाय वॉरंटवर न्यायाधीशाची सही लागते, त्यामुळे अन्याय व्हायचा प्रश्न नाही. कर नाही त्याला डर कशाला?"

यातलं 1988 बद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे. त्या अर्ध्या सत्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातंय, म्हणून हा खटाटोप.

"1983 मध्ये निनावी खबरीला मान्यता मिळाली."

मान्यता मिळाली ती खबरीला नाही, खबर आल्यावर पोलिसांनी जी पायपीट केली तिला. शिकागोजवळच्या ब्लूमिंगडेल गावात मे 1978 मध्ये पोलिसांना हाताने लिहिलेली, बिनसहीची चिठ्ठी आली. गावातलं अमुक जोडपं अमली पदार्थ विकतं. बायको गाडी घेऊन फ्लोरिडाला जाते आणि विमानाने परत येते, नवरा विमानाने तिकडे जातो आणि माल भरलेली गाडी चालवत आणतो. चिठ्ठी वाचून कुणी लगेच दार फोडलं नाही. पोलिसांनी नवऱ्याचं विमानाचं बुकिंग शोधलं. वेस्ट पाम बीचला उतरून तो बायकोच्या नावावर घेतलेल्या खोलीत गेला, हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उत्तरेकडे निघाली, तेही टिपलं. मग वॉरंट मागितलं.

'इलिनॉय विरुद्ध गेट्स' म्हणून प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी लिहिला. नुसत्या त्या चिठ्ठीवर वॉरंट देता आलं नसतं, हे त्यांनी त्यातच मान्य केलंय. फॉरवर्ड लिहिणारा नेमका तेवढाच भाग गाळतो. निकालाने बदललं ते वेगळंच. त्याआधी दोन प्रश्नांची स्वतंत्र उत्तरं द्यावी लागत: खबऱ्याला हे कळलं कसं, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? आता न्यायाधीशाने सगळी परिस्थिती एकत्र बघून ठरवायचं, की त्या जागी पुरावा सापडण्याची रास्त शक्यता आहे का. ही कसोटी सैल आहे, हे मला मान्य आहे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमतात दाखवलंच होतं, की बायको विमानाने परत येणार हा चिठ्ठीतला तपशील चुकला, दोघं गाडीतूनच परतले. तरी सैल कसोटी म्हणजे कसोटीच नाही, असं होत नाही.

आणि 2000 सालच्या 'फ्लोरिडा विरुद्ध जे. एल.'चं काय? मायामीत निनावी फोन आला, अमुक बस स्टॉपवर चौकटीच्या शर्टातल्या मुलाकडे पिस्तूल आहे. पोलीस गेले, मुलगा होता, शर्ट चौकटीचा होता, पिस्तूलही सापडलं. तरीही सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की एवढ्या खबरीवर त्या मुलाला थांबवून त्याचे खिसे चाचपणंसुद्धा बेकायदा होतं. शर्टाचं वर्णन जुळलं म्हणून पिस्तुलाची गोष्ट खरी ठरत नाही. शर्ट तर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतो. जी खबर खिसे चाचपायला पुरत नाही ती एकटी घराचं दार उघडायला कुठून पुरणार?

"1988 मध्ये कोर्टाने सांगितलं, कचऱ्यावरून झडती घेता येते."

हा खटला 'कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड'. लगूना बीच गावात 1984 मध्ये पोलिसांना खबर मिळाली, एका शेजाऱ्याने रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्यांची तक्रार केली, तपास करणाऱ्या महिला अधिकाऱ्याने स्वतः पाळत ठेवली. मग तिने कचरा नेणाऱ्या माणसालाच सांगितलं, की या घराच्या पिशव्या दुसऱ्या कचऱ्यात न मिसळता माझ्याकडे दे. त्यातल्या वस्तूंवरून वॉरंट मिळालं आणि घरात कोकेन व चरस सापडलं.

सुप्रीम कोर्टापुढचा प्रश्न एकच होता: रस्त्याकडेला ठेवलेली बंद पिशवी उघडणं ही घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या (अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या कलमाच्या) अर्थाने 'झडती' आहे का? सहा विरुद्ध दोन मतांनी उत्तर आलं, नाही. ती पिशवी कुत्री-मांजरं, पोरं, भंगारवाले, चोंबडे, कुणीही उघडू शकतात, असं न्यायमूर्ती व्हाइट यांचं म्हणणं. म्हणजे पोलिसांनी कचरा बघायला हरकत नाही. पण कचऱ्यात किती आणि काय सापडलं म्हणजे घरात शिरता येतं, यावर हा निकाल बोलतच नाही. फॉरवर्डने हे दोन प्रश्न एकाच पिशवीत कोंबलेत. आणखी एक गंमत म्हणजे खबर, तक्रार आणि पाळत हे सगळं असूनही, कचरा वगळला तर वॉरंटपुरता आधार उरत नाही, असं खालच्या कोर्टाने म्हटलं होतं.

मला स्वतःला या निकालातलं न्यायमूर्ती ब्रेनन यांचं भिन्नमत जास्त पटतं. माणूस काय खातो, काय वाचतो, कुठली औषधं घेतो, सगळं एका पिशवीत असतं. आणि कचरा रस्त्याकडेला ठेवणं ही त्या घरमालकाची हौस नव्हती, स्थानिक नियमच तसा होता. आपल्याकडे घंटागाडी आली की बादली हातोहात रिकामी होते. इथे पिशवी रात्रभर रस्त्यावर असते, तीही नियमाने.

कचऱ्यात खासगी काही नसतं असं म्हणणाऱ्यांनी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचा 2002 चा किस्सा आठवावा. तिथल्या पोलिसांनी आपल्याच खात्यातल्या एका कर्मचाऱ्याचा कचरा वॉरंटशिवाय उचकला होता आणि वरिष्ठांनी त्याचं समर्थन केलं होतं. 'विलॅमेट वीक' या साप्ताहिकाच्या पत्रकारांनी मग महापौर, पोलीसप्रमुख आणि जिल्हा सरकारी वकील या तिघांचा कचरा उचलला आणि त्यात काय काय मिळालं त्याची यादी छापली. सरकारी वकिलांनी हसून घेतलं. महापौर आणि पोलीसप्रमुख भयंकर चिडले.

"सगळ्या राज्यांत हेच चालतं."

हे वाक्य न्यू जर्सीत बसून फॉरवर्ड करणं म्हणजे कमाल आहे. 1990 मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने 'स्टेट विरुद्ध हेम्पली' निकालात राज्याच्या घटनेच्या आधारे ग्रीनवुडची वाट नाकारली. पोलिसांनी पिशवी उचलली तर चालेल, पण ती उघडून बघायची तर वॉरंट हवं. म्हणजे आमच्याकडे कचरा दाखवून वॉरंट मिळवायचं, तर आधी कचऱ्यासाठीच वॉरंट मिळवावं लागतं! वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी, व्हरमाँटने 1996 मध्ये, न्यू हॅम्पशरने 2003 मध्ये आणि ओरेगॉनने 2019 मध्ये आपापल्या घटनेखाली कचऱ्याला संरक्षण दिलं. बहुतेक राज्यं ग्रीनवुडच्याच वाटेने जातात, हे खरं. आणि केंद्रीय यंत्रणेने केंद्रीय कोर्टात खटला भरला तर न्यू जर्सीची ही ढाल उपयोगी पडत नाही, हेही लक्षात असू द्या.

शिवाय फेब्रुवारी 2021 पासून न्यू जर्सीत प्रौढांना सहा औंसांपर्यंत गांजा बाळगायची मुभा आहे (घरी रोप लावणं मात्र अजूनही गुन्हाच). त्यामुळे राज्याच्या कायद्यापुरती ती फॉरवर्डमधली गांजाची काडी सापडली तरी सिद्ध काय होणार?

"गांजाची काडी सापडली की वॉरंट मिळतंच."

'मिळतंच' मधला 'च' काढा, मग बोलू. केंद्रीय अपील कोर्टांतच (त्यांच्या प्रत्येक विभागाला 'सर्किट' म्हणतात) यावर एकमत नाही. आठव्या सर्किटने 2003 मध्ये कचऱ्यातल्या गांजाच्या काड्या आणि बिया पुरेशा मानल्या. सातव्या सर्किटने 2018 मध्ये एक वॉरंट टिकवलं, कारण पोलिसांनी आठवड्याच्या अंतराने दोनदा कचरा तपासला होता आणि दोन्ही वेळा गांजा निघाला होता. उलट सहाव्या सर्किटने 2016 मध्ये नॅशव्हिलच्या एका प्रकरणात, गांजाची अनेक थोटकं आणि माल भरायच्या पिशव्या एकदा कचऱ्यात सापडल्या, एवढ्यावर घराचं वॉरंट उभं राहत नाही असं ठरवलं. थोटकं एखाद्या पाहुण्याची असू शकतात, जुनी असू शकतात. घरात आज, आत्ता काही आहे, हे त्यातून कसं कळणार? खबर जुनी आहे का, कचरा किती वेळा तपासला, पिशवी त्याच घराची होती हे कशावरून, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यावरच प्रकरण उभं राहतं किंवा कोसळतं.

"न्यायाधीशाची सही असते ना!"

सही असते, पण न्यायाधीशापुढे असतं फक्त पोलिसाचं प्रतिज्ञापत्र. समोर दुसरी बाजू नसते. वरच्या नॅशव्हिलच्या प्रकरणात प्रतिज्ञापत्रातला काही मजकूर नंतर काढून टाकावा लागला होता, आणि तो गेल्यावरच उरलेलं अपुरं ठरलं. बाकी आपल्याकडच्यांना एक फरक सांगतो. भारतात 1974 च्या पूरनमल निकालापासून, झडती बेकायदा होती एवढ्या कारणाने पुरावा बाद होत नाही. अमेरिकेत 1961 पासून राज्यांच्या कोर्टांतही तो बाद होतो. मात्र 1984 च्या 'लिऑन' निकालाने त्याला एक भोक पाडलंय: पोलिसांनी वॉरंटवर प्रामाणिकपणे विसंबून झडती घेतली असेल, तर वॉरंट नंतर चुकीचं ठरलं तरी पुरावा टिकू शकतो. तेव्हा सहीवर निर्धास्त राहू नका.

"कर नाही त्याला डर कशाला?"

कॅन्ससमधल्या लीवुडच्या एका जोडप्याला विचारा. दोघांनीही पूर्वी सीआयएत नोकरी केलेली. ऑगस्ट 2011 मध्ये नवरा मुलांना घेऊन मातीविना शेतीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेला, टोमॅटोची रोपं लावायला. बाहेर एक पोलीस त्या दुकानात येणाऱ्यांचे गाडी नंबर टिपत बसला होता. एप्रिल 2012 मध्ये पोलिसांनी त्यांचा कचरा तपासायला सुरुवात केली. त्यात ओला पाला मिळाला. पहिल्या खेपेला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढच्या खेपांना जागेवरच्या चाचणी किटने तसाच पाला गांजा असल्याचं दाखवलं. 20 एप्रिलला सकाळी हत्यारबंद पोलीस घरात शिरले, नवऱ्याला जमिनीवर पालथं पाडलं, दोन मुलं घरातच होती. दोनेक तास झडती झाली. तळघरात रोपं होती, टोमॅटो वगैरेची.

तो पाला म्हणजे बायकोच्या चहाचा चोथा होता. आपल्या घरी तो गुलाबाच्या कुंडीत जातो, त्यांच्याकडे पिशवीत गेला. प्रयोगशाळेत तो झडतीनंतर तपासला गेला, आणि हा गांजासारखा दिसतसुद्धा नाही असं तिथून उत्तर आलं. आपल्या घरावर धाड का पडली, हे कळण्यासाठी कागदपत्रं मिळवायला त्या दोघांना वकिलांवर जवळपास 25,000 डॉलर खर्चावे लागले. त्यानंतर 2014 मध्ये कॅन्ससने कायदा बदलला, आणि वॉरंटमागचं प्रतिज्ञापत्र बघायची वाट लोकांना मोकळी झाली.