रोदँने काढलेले कंबोडियन हात

आठवडाभर रोज रात्री एकच गोष्ट चालली आहे. मुलं झोपली की ऑग्युस्त रोदँची कंबोडियन नर्तकींची चित्रं उघडून बसते.

साल १९०६. कंबोडिया तेव्हा फ्रान्सच्या अंमलाखाली होता. मार्सेलला वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलेलं आणि राजा सिसोवाथ दरबारच्या नर्तकींना घेऊन फ्रान्सला आलेला. जुलैमध्ये पॅरिसला त्यांचा नाच रोदँने पाहिला. वय ६५, शिल्पकार म्हणून युरोपभर नाव. तरी त्या मुली मार्सेलला निघाल्या तसा हाही मागोमाग गेला! जवळ कागद नव्हता म्हणून किराणा दुकानातून पुड्या बांधायचा कागद घेतला, असं सांगतात. थोड्या दिवसांत सुमारे १५० चित्रं झाली.

या नाचात डोक्यावर उंच मुकुट, अंगावर घट्ट शिवून बसवलेलं जरीचं वस्त्र, दागिने. प्रदर्शनाला आलेली गर्दी बघत होती ती हाच झगमगाट. रोदँच्या कितीतरी चित्रांत यातलं काहीच नाही. चेहरा दोन-तीन फटकाऱ्यांत, अंगावर निळ्या किंवा गेरूसारख्या रंगाचा पातळ थर. पण मनगट आणि मागे वळलेली बोटं! मी नऊ वर्षं भरतनाट्यम शिकले. बाई रोज बोटं मागे दाबून धरायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. त्या मुलींची बोटंही लहानपणापासून अशीच वळवलेली. त्यामागची मेहनत या माणसाला दिसली, असं मला ती रेघ बघून ठामपणे वाटतं.

एक गोष्ट मात्र मला सलते. या नाचात हात बोलतात: पान, फूल, फळ, आणि त्यातून पुढे गोष्ट. रोदँला आकार मिळाला, शब्द नाही. आणि वादक कुठे आहेत? लाकडी पट्ट्यांची वाद्यं, गोलाकार मांडलेल्या घंटा, ढोल यांच्याशिवाय तो नाच उभाच राहत नाही. मी पाहिलेल्या एकाही चित्रात ते नाहीत. नर्तकीच्या पायाखालचा तालच त्याने कागदाबाहेर ठेवला. आपल्याकडे मृदंगम् वाजवणाऱ्याला असं वगळलं तर मी भांडले असते, म्हणून इथेही बोलते आहे.

२००६च्या अखेरीस यातली काही चित्रं कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडली गेली होती. तिथल्या एखाद्या वयस्क नृत्यगुरूंनी प्रत्येक चित्रापुढे उभं राहून सांगावं, हे पान, हे फळ, आणि इथे या पोरीचा अंगठा चुकलाय. मला ते ऐकायचं आहे.