सतरा नंबरची बस

रोम मी पाहिलं आहे. एका निळ्या पाटीच्या मागे ते होतं. पाटीवर १७ हा आकडा, पाटीला काठी, काठी एका उंच, कायम घाईतल्या बाईच्या हातात. त्या बाईनं सकाळी बसमध्येच बजावलं होतं, काहीही झालं तरी पाटीवरची नजर हटवायची नाही. मी नाही हटवली. त्यामुळे कोलोसियम डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात आलं आणि तिथूनच गेलं.

क्रूझ ठरवली तेव्हा आमच्या डोक्यातलं चित्र असं होतं: रात्री झोपायचं, सकाळी पडदा बाजूला केला की समोर नवा देश. सामान बांधा, सोडा ही भानगडच नाही. हे सगळं खरंही आहे. फक्त पडदा बाजूला केल्यावर समोर दिसतो तो देश नसतो, धक्का असतो. क्रेन, कंटेनर आणि पिवळं जाकीट घालून जांभया देणारा एक माणूस. देश तिथून पुढे बसने. रोमसाठी जिथे उतरवतात ते चिवितावेक्किया रोमपासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, तिथूनही दीड तास. ही बातमी कळली तेव्हा आमचे पैसे भरून झाले होते.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि माझी आत्या. आत्या पंच्याहत्तरीची, गुडघ्यांनी संप पुकारलेला, पण डोळे आणि जीभ शाबूत. नवरा वेळेचा पक्का. इतका की गाडी सुटायच्या आधी तासभर पोचलो तर त्याला उशीर झाल्यासारखं वाटतं. गर्दीत चुकामूक नको म्हणून त्यानं या प्रवासासाठी एक भडक नारिंगी टोपी घेतली होती. ती टोपी पुढे येणार आहे.

निघण्याआधी आम्ही सहलींचं माहितीपत्रक नीट वाचलं होतं. म्हणजे नीट वाचलं असा आमचा समज होता. ती भाषा वेगळीच असते. 'भेट' म्हणजे आत नेतील. 'बाहेरून दर्शन' म्हणजे आत नेणार नाहीत. 'फोटो स्टॉप' म्हणजे बस थांबेल, ड्रायव्हर इंजिन बंद करेलच असं नाही. आणि 'पॅनोरमिक' हा शब्द दिसला की समजायचं, बसमधून उतरायचं नाव काढू नका. याशिवाय प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाची चित्रं असतात. एक माणूस म्हणजे थोडं चालणं, दोन म्हणजे बरंच, तीन म्हणजे वर्षातून एकदाही व्यायाम न केल्याचा पश्चात्ताप. आत्यानं फ्लॉरेन्सपुढची दोन माणसं बघून विचारलं, "यातला एक मला उचलून घेणारा आहे का?"

सकाळी पावणेसातला जहाजावरच्या नाट्यगृहात जमायचं. आदल्या रात्री ज्या रंगमंचावर झगमगीत कपड्यांत नाच चालला होता, तिथे आता एक मुलगी स्टिकरांचा गठ्ठा घेऊन उभी. ती आपल्या छातीवर गोल स्टिकर चिकटवते. त्या क्षणापासून आपल्याला नाव उरत नाही. "सतरा, माझ्यामागे या," असं म्हटलं की चाळीस प्रौढ, शिकली सवरलेली, घरी चारचौघांना धाकात ठेवणारी माणसं निमूटपणे उठून चालू लागतात. जहाजातून बाहेर पडताना आपलं कार्ड यंत्राला दाखवायचं, यंत्र 'टिंग' करतं. दिवसभरात त्या टिंगइतका खात्रीचा आवाज पुन्हा ऐकू येत नाही.

कारण त्यानंतर कानात यंत्र बसवतात. गाईड पुढून बोलणार, आपण मागून ऐकणार. कल्पना उत्तम. पण गाईड कोपऱ्यावर वळली की आवाज तुटतो आणि इतिहासाची फक्त शेपटं हाती लागतात. "हा घुमट १४३६ साली पूर्ण झाला, आणि गंमत म्हणजे खर्रर्र..." गंमत काय ते कळायच्या आत ती चौक ओलांडून गेलेली. पुन्हा आवाज आला तो, "...उजवीकडे, पण नाणं लागेल." फ्लॉरेन्सच्या त्या प्रचंड घुमटाची आणि स्वच्छतागृहाची माझ्या डोक्यात जी सरमिसळ झाली आहे ती अजून सुटलेली नाही. (गंमत मी नंतर वाचली. घुमट बांधताना खालून आधाराचा लाकडी सांगाडाच उभारला नव्हता. भर उन्हात त्याच्याखाली उभं असताना हे कळलं असतं तर मान वर करून बघितलं तरी असतं.)

त्या घुमटाला आम्हाला दहा मिनिटं मिळाली. चामड्याच्या दुकानाला पाऊण तास. माहितीपत्रकात त्याचं नाव 'पारंपरिक कारागिरीचं प्रात्यक्षिक' होतं. कारागिरानं चार मिनिटांत पाकिटाच्या कोपऱ्यावर सोनेरी नक्षी उठवून दाखवली, उरलेली एकेचाळीस मिनिटं आम्ही आमच्या कारागिरीचं प्रात्यक्षिक दिलं: पैसे न काढता दुकानातून बाहेर कसं पडायचं. आत्या तेवढी आत शिरल्या शिरल्या एका मऊ कोचावर बसली आणि बस निघेपर्यंत उठली नाही. अख्ख्या फ्लॉरेन्समध्ये आपल्याला तो कोच सर्वांत आवडला, असं ती आजही सांगते.

त्याच दिवशी पिसाही होतं. पस्तीस मिनिटं. मनोऱ्याचं काम ११७३ साली सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत येईतो मऊ मातीत तो कलायला लागला, मग लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं रखडलं. तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली. सलग बांधत गेले असते तर पडलाच असता म्हणतात. जगातला सर्वांत फायदेशीर उशीर! आणि त्याच्याच सावलीत आमची गाईड ओरडत होती, "एक मिनिट उशीर झाला तरी बस निघेल!"

या सगळ्याला जबाबदार कोण, याचा मी शोध घेतला. १८९१ साली हॅम्बुर्गच्या एका जहाज कंपनीचे आल्बर्ट बालिन यांना प्रश्न पडला, की हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला फारसं कुणी येत नाही, मग जहाज रिकामं ठेवायचं का? त्यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' भूमध्य समुद्रात धाडलं. २४१ प्रवासी, बंदराबंदरात उतरून सहली. पण त्या लोकांनी सुमारे दोन महिने घेतले होते. आमच्याकडे दहा दिवस होते, आणि त्यातले दोन नुसत्या समुद्राचे.

रोममध्ये आत्या हरवली. स्पॅनिश स्टेप्सपाशी गाईडनं मुंडकी मोजली, एक कमी भरलं. पुन्हा मोजली. सतरा नंबरच्या चाळीस जोड्या डोळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आपणच बसखाली झोपावं. तेवढ्यात कर्कश शिट्टी ऐकू आली. त्या सुप्रसिद्ध पायऱ्यांवर मधोमध आत्या बसलेली आणि समोर पोलीस. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, दंडही होतो. १७२० च्या दशकात बांधलेल्या शंभरावर पायऱ्या, आणि एकीवरही टेकायचं नाही! आत्यानं त्याला शांतपणे गुडघे दाखवले. मग छातीवरचा स्टिकर दाखवला. पोलिसानं स्टिकर बघितला, सुस्कारा सोडला, हात धरून तिला उठवलं आणि आमच्या पाटीपर्यंत आणून पोचवलं. "देखणा होता," बसमध्ये बसल्यावर ती म्हणाली. रोममध्ये काहीतरी निवांत बघून झालेली आमच्यातली ती एकटीच.

ट्रेव्ही कारंज्यात पाठमोरं उभं राहून खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो, अशी समजूत आहे. मी तिसऱ्या रांगेतून टाकलं. ते पुढच्या बाईच्या टोपीला लागून खाली पडलं. म्हणजे मी परत येणार ती बहुधा चिवितावेक्कियापर्यंतच.

नेपल्सला आम्ही बंड केलं. स्टिकर नको, पाटी नको, आपलं आपण जाऊ! लोकल ट्रेननं चाळीसेक मिनिटांत पाँपेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर. स्वातंत्र्य साधारण दारापर्यंत टिकलं. तिथे नवऱ्याला आठवलं, की जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपापलं गेलेल्यांसाठी थांबत नाही. धक्क्यावर पळत येणारी माणसं आणि डेकवरून त्यांना टाळ्या वाजवणारी माणसं त्यानं व्हिडिओत पाहिली होती. मग तो पाँपेईत घड्याळ बघत फिरला. ६६ हेक्टरचं शहर, त्यातला तिसरा हिस्सा अजून खणायचाच आहे. आम्हाला उरलेलाही आवरला नाही. रस्ता ओलांडायला ठेवलेले मोठाले दगड, त्यांच्यामधून गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, भटारखाना, पुन्हा घड्याळ. शेवटी इसवी सन ७९ मधल्या त्या अभागी माणसांच्या आकृत्यांपाशी आलो. राखेत राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्या केल्या आहेत, ही युक्ती १८६३ ची. मी गलबलून उभी. नवरा हळूच म्हणाला, "बघितलंस? हे थांबले."

यावर काय बोलणार? तासाभरात पाँपेई आटोपून आम्ही जहाज सुटायच्या साडेतीन तास आधी धक्क्यावर. जहाजावरच्या जेवणघरात बघतो तर स्वतंत्रपणे गेलेली बाकीची सगळी मंडळीही ताटं घेऊन बसलेली. कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला आत्या म्हणाली, "तुम्ही जा. मी इथेच बसते." तिथे क्रूझच्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज समुद्रातच उभं राहतं, कारण ते गाव एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या काठावर, कड्यावर आहे. आधी छोट्या बोटीसाठी नंबर, मग बोट, मग केबल कारची रांग. वर पोचलो. पांढरी घरं, निळा समुद्र आणि सगळ्यांच्या कॅमेऱ्यांत एकच दृश्य: खाली उभं असलेलं आपलंच जहाज. अर्धा तास फिरलो, नवऱ्याचं घड्याळ वाजलं, परतीच्या रांगेकडे गेलो. रांग तीन गल्ल्यांतून वळून चौथीत शिरली होती. मग पायऱ्या. पावणेसहाशेच्या वर, नागमोडी, गुळगुळीत, आणि त्यावर वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्या गाढवांनी सोडलेल्या खुणा. गाढवांना वाट देत, भिंतीला चिकटत, नको तिथे पाय पडू नये म्हणून खाली मान घालून आम्ही उतरलो.

आत्या डेकवर आरामखुर्चीत होती. पायाखाली उशी, हातात चहा. दुपारभर तिनं अख्खी सँटोरिनी समोर मांडून बघितली होती. उन्हाबरोबर कड्याचा रंग कसा बदलत गेला ते सांगत होती. मग तिनं मोबाइल पुढे केला.

"हा बघ. गाढवांची रांग उतरत होती, फार छान दिसत होती, म्हणून काढला. मोठा करून बघते तर मधेच जावईबापूंची टोपी."