जर्मन ग्राहकाच्या प्रश्नावलीत दिसलेले परराष्ट्र धोरण

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) ज्या कारखान्यात मी गेली एकोणीस वर्षे निर्यातीची कागदपत्रे सांभाळते, तिथे फ्लँज (पाइप जोडण्याच्या पोलादी चकत्या) आणि मोठ्या मापाचे बोल्ट तयार होतात आणि त्यांतला बराचसा माल जर्मनीला जातो. तिथला ग्राहक पूर्वी आमच्याकडे तीनच गोष्टी मागत असे: मापांचा तपासणी अहवाल, पोलादाचे मिल टेस्ट सर्टिफिकेट (गिरणीने दिलेला गुणवत्तेचा दाखला) आणि ठरलेल्या तारखेला जहाज. ऑक्टोबर २०२३ नंतर त्याच्याकडून एक लांबलचक प्रश्नावली येऊ लागली. तुम्ही वापरलेले पोलाद कोणत्या भट्टीत तयार झाले, त्या भट्टीत कोळसा जळला की विजेवर भंगार वितळवले, आणि एक टन पोलादामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, असे प्रश्न तिच्यात असतात. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक, असतो, पोलादात कार्बन किती टक्के आहे हेही असते. हवेत गेलेल्या कार्बनचा रकाना मात्र त्यावर कधीच नव्हता.

ही प्रश्नावली म्हणजे युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन कराची, म्हणजे बाहेरून येणारा माल बनताना हवेत गेलेल्या कार्बनवरच्या कराची, पूर्वतयारी होती. १ जानेवारी २०२६ पासून तो कर प्रत्यक्ष लागू झाला आहे. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्यावर तो आहे, आणि आमचे बोल्ट पोलादाच्या यादीत येतात. या विषयावर मी गेली दोन वर्षे वाचते आहे, कारण वाचल्याशिवाय माझे रोजचे काम होत नाही. त्यातून माझे जे मत बनले, ते इथे सविस्तर मांडते आहे.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला ऊर्जा आणि परराष्ट्र धोरण यांचा संबंध पुस्तकातून शिकावा लागू नये. माझे वडील बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत होते आणि माझे बालपण जवाहरनगरच्या वसाहतीत गेले. घरी वडिलांचा जुना रशियन-इंग्रजी तांत्रिक शब्दकोश होता, कारण सुरुवातीच्या यंत्रांवरची कित्येक अक्षरे रशियन होती. ती रिफायनरी १९६५ साली सोव्हिएत मदतीने सुरू झाली, हे आम्हा मुलांना पाठ होते. ती सोव्हिएत मदतीनेच का झाली, हे मात्र मला फार उशिरा कळले.

१९६० साली भारतात पेट्रोल आणि रॉकेल बनवणारे मोठे कारखाने तीन परदेशी कंपन्यांच्या हाती होते. बर्मा-शेल आणि स्टॅनव्हॅक (पुढची एस्सो) यांचे तुर्भ्याला, तर कॅलटेक्सचा विशाखापट्टणमला. त्या वर्षी सोव्हिएत संघाने भारताला कच्चे तेल बाजारभावापेक्षा स्वस्तात आणि रुपयांत देऊ केले. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला याहून सोयीचा सौदा मिळणे कठीण होते. परंतु या तिन्ही कंपन्यांनी ते तेल शुद्ध करण्यास नकार दिला. त्या वेळचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांना यातून जो धडा मिळाला, त्याची फळे म्हणजे आजचे सार्वजनिक क्षेत्रातले तेल कारखाने होत. खंबात आणि अंकलेश्वरला तेल सापडले होते, ते शोधण्यातही सोव्हिएत आणि रुमानियन तज्ज्ञांचा हात होता, आणि त्या तेलासाठी कोयलीची जागा ठरली. १९६३ साली पंडित नेहरूंनी तिची पायाभरणी केली. बडोद्यातल्या हजारो मराठी आणि गुजराती घरांची चूल ज्या पगारावर पेटली, तो पगार शीतयुद्धातल्या एका नकारातून निघाला होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता साठ वर्षे पुढे या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्यापूर्वी आपल्या आयातीत रशियन तेलाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. युरोपने पाठ फिरवल्यावर रशियाने सवलत देऊ केली, भारताने ती घेतली, आणि दोन वर्षांत तो वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. पुन्हा स्वस्त रशियन तेल, पुन्हा पाश्चात्त्य देशांची नाराजी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने आपल्याच गुजरातमधल्या वाडीनारच्या रिफायनरीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाचे कारण देऊन भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले आणि आधीचे धरून ते ५० टक्क्यांवर नेले. त्या महिन्यात शेजारच्या शेडमधल्या एका उद्योजकाचा अमेरिकेला निघालेला माल बांधून तसाच पडून राहिला. त्याचा तेलाशी काडीचाही संबंध नव्हता.

सरकारने रशियन तेल घेतले ते योग्यच केले, असे माझे स्पष्ट मत आहे. जो देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, त्याला विक्रेत्याच्या चारित्र्याची परीक्षा घेत बसण्याची चैन परवडत नाही. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला आणि पुढच्या वर्षी देशाला सोने गहाण ठेवावे लागले, हे माझ्या पिढीला आठवते. परंतु याच धोरणाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. इराणवरच्या निर्बंधांतून दिलेली सवलत अमेरिकेने काढून घेतल्यावर मे २०१९ मध्ये आपण इराणचे तेल घेणे बंद केले. म्हणजे आपली मोकळीक नेहमी सारखी नसते. समोरच्याने दाब किती दिला आणि त्या वेळी पर्याय किती होते, यावर ती कमीजास्त होते. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांत मिळून ५३ लाख टन तेल मावते, आणि ते देशाला जेमतेम नऊ-दहा दिवस पुरेल. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर मोठा आवाज फार काळ टिकत नाही.

तेलापेक्षा वायूची गोष्ट अधिक बोलकी आहे. बडोद्यात सत्तरच्या दशकापासून घरोघरी पाइपने गॅस येतो, त्यामुळे आम्हाला तो नळाच्या पाण्यासारखा वाटतो. भरूच जिल्ह्यातल्या दहेज बंदरात २००४ पासून कतारचा द्रवरूप वायू उतरतो. त्याचा पंचवीस वर्षांचा करार १९९९ साली झाला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०४८ पर्यंत वाढवण्यात आला. असे लांब मुदतीचे करार महाग वाटतात. ते का हवेत, हे २०२२ साली समजले. गेल या आपल्या कंपनीचा रशियाच्या गाझप्रोमशी दीर्घ करार होता, पण तो वायू पुरवणारी सिंगापूरची कंपनी गाझप्रोमच्या जर्मन शाखेच्या मालकीची होती. जर्मन सरकारने ती शाखा ताब्यात घेतली आणि भारताकडे यायची जहाजे थांबली. गेलला खत कारखान्यांचा वायू कमी करावा लागला. बर्लिनमधल्या एका निर्णयाचा परिणाम भारतातल्या युरियावर झाला, आणि त्या निर्णयाच्या वेळी भारताचे नाव कोणाच्या मनातही नव्हते. श्रीमंत युरोपने खुल्या बाजारातला वायू चढ्या भावाने उचलला, तेव्हा पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यावर अंधारात बसण्याची पाळी आली. नैतिकतेची भाषा त्या हिवाळ्यात फार ऐकू आली. या दोन देशांचा उल्लेख तिच्यात क्वचितच होता.

मग अनेक जण म्हणतात की सूर्य आणि वारा आपलेच आहेत, त्यांच्यावर कोण निर्बंध घालणार? मलाही असेच वाटत असे. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून बडोद्याला आले आणि नर्मदेच्या कालव्यावर उभारलेल्या १० मेगावॉटच्या सौरप्रकल्पाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले, तेव्हा मी मुलीला घेऊन तो मुद्दाम पाहायला गेले होते. पाण्यावर सावली, जमिनीची बचत आणि वर वीज. अभिमान वाटावा असेच ते दृश्य होते. परंतु पॅनेल कोठून येते, त्यातली सिलिकॉनची चकती कोण कापते, हे विचारले की चित्र बदलते. सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात जगातली ८० टक्क्यांहून अधिक क्षमता चीनकडे आहे, आणि चकत्यांच्या बाबतीत तर जवळजवळ सगळीच. भारतात आता पॅनेल जोडण्याचे मोठे कारखाने उभे राहिले आहेत, पण आतला गाभा अजूनही बराचसा बाहेरूनच येतो.

मोटारींतल्या शक्तिशाली चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंचे तसेच. २०१० साली जपान आणि चीन या दोघांचाही दावा असलेल्या सेंकाकू बेटांजवळ एका मासेमारी नौकेवरून वाद झाला, तेव्हा जपानकडे जाणारे हे धातू चीनमध्ये अडले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि काही आठवड्यांत भारतातल्या मोटार कंपन्या चिंतेत पडल्या. आपल्या केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे या धातूंचे खनिज आहे, १९५० पासून सरकारी कंपनी आहे, आणि तरीही चुंबक आपल्याला आणावे लागतात, याचे मला मनापासून दुःख होते. चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाली. ती पंधरा वर्षे आधी व्हायला हवी होती. तेलात निदान विक्रेते बरेच आहेत, एकाने दार लावले तर दुसरे ठोठावता येते; इथे दारच एक आहे, आणि त्या दारापलीकडच्या देशाशी आपली सीमा धुमसती आहे.

आता पुन्हा त्या प्रश्नावलीकडे येते. भारतात एक टन पोलाद तयार होताना सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांहून थोडी कमी आहे. आमच्यासारखा लहान कारखाना पोलाद थेट गिरणीकडून घेत नाही, व्यापाऱ्याकडून घेतो, आणि व्यापाऱ्याकडे हे आकडे नसतात. आकडे नसले की युरोप स्वतःच ठरवलेला चढा आकडा धरतो आणि त्याचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. ग्राहक मग तुर्कस्तानात किंवा इटलीत विचारणा करतो. हा कर अन्यायाचा आहे, असे भारत सरकार म्हणते, आणि त्यात तथ्य आहे. १९९२ च्या रिओच्या पर्यावरण परिषदेत जबाबदारी सर्वांची पण सारखी नाही, हे तत्त्व सर्वांनी मान्य केले होते. दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आमच्या बोल्टावर कर लावावा, त्याचे पैसे स्वतःच्या तिजोरीत ठेवावेत, आणि बाकूच्या २०२४ च्या हवामान परिषदेत गरीब देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागत असताना २०३५ पर्यंत ३०० अब्जांवर बोळवण करावी, हे मला पटत नाही. त्या सभागृहात ठराव घाईने मंजूर झाल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभे राहून जो विरोध नोंदवला, तो पाहताना मला त्यांचा अभिमान वाटला.

परंतु अन्याय सांगून आपले काम संपते, असे मी मानत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर तीन दिवस पाणी होते. आईला आम्ही शेजाऱ्यांच्या मदतीने खुर्चीत बसवून वर नेले. नदीपात्रातली बांधकामे हा आपला स्वतःचा दोष आहेच, पण तापलेल्या समुद्रावरून येणारा पाऊस दिवसेंदिवस अधिक दांडगा होत आहे, हेही खरे आहे. कोळशाच्या धुराचे नुकसान भोगणाऱ्या देशांत आपण पुढच्या रांगेत आहोत. वानुआतूसारख्या चिमुकल्या देशाने पुढाकार घेतला आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी स्पष्ट केली. असे पुढाकार घेण्याचे सामर्थ्य भारताकडे त्याच्याहून कितीतरी अधिक आहे, आणि आपण मात्र हवामानाच्या वाटाघाटींत बहुतेक वेळा बचावाच्या पवित्र्यात उभे राहतो.

माझी मागणी साधी आणि नेमकी आहे. युरोपच्या नियमातच अशी तरतूद आहे की मालावर त्याच्या मूळ देशात कार्बनचे मोल दिलेले असेल, तर तेवढी रक्कम वजा होते. भारताने २०२३ मध्ये स्वतःच्या कार्बन व्यापाराची योजना (मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन करणाऱ्या कारखान्याने कमी करणाऱ्याकडून पत्रे विकत घ्यायची) अधिसूचित केली आहे आणि पोलाद तिच्या कक्षेत येते. तिला लवकर खरे दात यावेत, म्हणजे आमच्या बोल्टावरचा पैसा ब्रसेल्सला न जाता इथेच राहील आणि इथल्याच भट्ट्या सुधारायला वापरता येईल. त्याबरोबरच प्रत्येक पोलाद गिरणीने हीट नंबरासोबत उत्सर्जनाचा आकडा छापणे सक्तीचे करावे. व्यापार वाटाघाटींना जाणाऱ्या आपल्या पथकांत तेलाचे आणि शुल्काचे जाणकार असतात. तिथे भट्टी समजणारा माणूसही बसला पाहिजे, कारण पुढची वीस वर्षे वाद भट्टीवरून होणार आहेत.

आमच्या जर्मन ग्राहकाला या तिमाहीचे आकडे महिनाअखेरीपर्यंत हवे आहेत. व्यापाऱ्याने गिरणीचे नाव सांगितले आहे, पण गिरणीने दोन पत्रांना उत्तर दिलेले नाही, म्हणून सोमवारी मी स्वतः तिथे जाणार आहे. मकरपुरा, पोर किंवा सावलीच्या ज्या कारखान्यांना असे आकडे मिळाले असतील, त्यांनी ते कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात मागितले, हे कृपया मला कळवावे.