खाऱ्या पाण्यातही तहान लागते

खारफुटीबद्दल एक मजकूर व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरून परत येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही झाडं खाऱ्या पाण्यात, चिखलात, भर उन्हात वाढतात, त्यांना हवामान काय करणार? समुद्र वाढला तर उलट त्यांची चंगळच. जी वादळ अडवते तिला वादळाची कसली भीती? आणि महाराष्ट्रात खारफुटी वाढतेय हे तर सरकारी आकडेच सांगतात.

खारफुटी चिवट आहे, यावर वाद नाही. तिवर आणि कांदळ या तिच्याच दोन जाती. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. मुळांतून आत शिरलेलं मीठ ते झाड पानांतून बाहेर टाकतं. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. पण या दोन्ही कामांना ताकद लागते, आणि पाणी जितकं जास्त खारं तितकी ती जास्त लागते. मजकूर लिहिणाऱ्यानं हा खर्च हिशेबात धरलेलाच नाही.

हा खर्च झेपला नाही तर काय होतं, त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात दिसलं. २०१५ची अखेर आणि २०१६ची सुरुवात या काही महिन्यांत कार्पेंटारियाच्या आखातात सुमारे ७,४०० हेक्टर खारफुटी उभ्या जागी वाळली. किनाऱ्याची लांबी १,००० किलोमीटरच्या वर. कुणी कुऱ्हाड लावली नव्हती, तेल सांडलं नव्हतं. त्या वर्षी एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) जोरात होता: पाऊस कमी, उष्णता जास्त, आणि समुद्राची पातळी काही काळापुरती साधारण २० ते ४० सेंटीमीटरनं खाली गेली. म्हणजे जेमतेम एक-दोन वीत. तेवढ्यानं किनाऱ्याच्या वरच्या अंगाच्या झाडांपर्यंत भरती पोचेनाशी झाली, वरून पाऊस नाही, आणि चिखलात मीठ साचत गेलं. समुद्राच्या काठावर उभी असलेली झाडं तहानेनं मेली. मेलेल्यांत मोठा वाटा होता तो अॅव्हिसेनिया मरीना या जातीचा, म्हणजे तिवराचा. ही परकी जात नव्हे. मुंबई-ठाण्याच्या खाडीत रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी बरीचशी खारफुटी तीच असते.

इतक्या लांब जायची गरज नसेल तर कच्छ बघा. अरबी समुद्र तोच, पण पाऊस तुटपुंजा आणि गोडं पाणी घेऊन येणारी मोठी नदी नाही. तिथं जवळजवळ एकट्या तिवराचंच राज्य आहे आणि बऱ्याच जागी तो झुडपाएवढाच राहतो. कोकणात मात्र चार महिने धो धो पाऊस, प्रत्येक खाडीला डोंगरावरून येणारी नदी; म्हणून तिवरासोबत कांदळ, चिप्पी आणि इतरही अनेक जाती नांदतात. तिवराच्या बिया आपल्याकडे नेमक्या पावसाळ्यात गळतात, खाडीचं पाणी सगळ्यात कमी खारं असतं तेव्हा. पावसाचं वेळापत्रक बिघडलं तर पहिला फटका या कोवळ्या रोपांना बसणार. सुंदरबनात ज्या सुंदरी झाडांवरून जंगलाला नाव पडलं असं मानतात, तीच झाडं खारटपणा वाढलेल्या भागात शेंड्याकडून वाळत येतात. तिथं हवामानाच्या जोडीला नदीचं कमी झालेलं गोडं पाणीही आहे, हे सांगायला हवं.

आता 'समुद्र वाढला तर चंगळ'. खारफुटीची मुळं गाळ धरतात, स्वतःही कुजून भर घालतात, आणि जमीन हळूहळू वर उचलतात. त्यामुळे पाणी सावकाश चढलं तर ती त्याच्याबरोबर चढू शकते. पण या चढण्याला वेग असतो. गेल्या दहा हजार वर्षांचा गाळ तपासून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, समुद्र वर्षाला ६ ते ७ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगानं चढू लागला की खारफुटीला टिकाव धरणं कठीण होतं. २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटर होती, आणि वेग वाढतो आहे.

उभं चढणं जमलं नाही तर मागे सरकावं. पण मागे काय आहे? कोकणात मागे रस्ता, इमारत, नाहीतर भरतीचं पाणी अडवणारा खारबंदिस्तीचा बांध. रायगडच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. बांधाला खांड पडली, पाणी बाहेर सोडायची उघाडी नादुरुस्त झाली की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि दोन-चार वर्षांत तिथं तिवर उगवतो. त्याच्या दृष्टीनं ती जंगलाची वाढ नसते, शेत गेलेलं असतं.

हे आकड्यांपाशी येताना लक्षात ठेवा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राची खारफुटी २०१७ला ३०४ चौरस किलोमीटर होती, २०१९ला ३२०. वाढ खरी आहे, आणि खारफुटी तोडायला बंदी घालणाऱ्या २००५च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाचं आणि राज्याच्या वन विभागातल्या कांदळवन कक्षाचं श्रेयही खरं आहे. पण ही १६ चौरस किलोमीटरची वाढ सगळी 'विरळ' या वर्गातली. २०१९च्या त्या नोंदीत अति घनदाट खारफुटी राज्यात शून्य. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो. त्या हिरव्यात किती जाती उरल्या, ते दिसत नाही. क्षेत्र आणि प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उन्हाचा मुद्दा लवकर आटोपतो. उष्ण कटिबंधातलं झाड असलं तरी त्याचं पान साधारण २८ ते ३२ अंशांना उत्तम काम करतं आणि ३८-४० अंशांच्या आसपास अन्न तयार करणं जवळपास थांबवतं. थंडी कमी झाल्यानं फ्लोरिडात खारफुटी उत्तरेकडे सरकतेय, हे मात्र मजकुराच्या बाजूनं मान्य. आपल्या खाडीला गोठवणारी थंडी कधी अडवत नव्हतीच, त्यामुळे तो नफा आपल्या वाट्याचा नाही.

वादळाचं प्रकरण जास्त बोलकं आहे. खारफुटी लाटांचा जोर मोडते, पण तो स्वतःच्या अंगावर घेऊन. तिवर मोडला तर खोडातून पुन्हा फुटतो; कांदळाचं जुनं खोड मोडलं की सहसा फुटत नाही. सप्टेंबर २०१७मध्ये 'इर्मा' वादळ फ्लोरिडावरून गेलं. त्यानंतर १०,७६० हेक्टर खारफुटी परत सावरलीच नाही. वाऱ्यानं मोडलेली, पानं गमावलेली पुष्कळ झाडं पुन्हा हिरवी झाली. मेली ती बहुतेक सखल भागातली, जिथं वादळानं आणलेलं पाणी साचलं आणि निघून गेलं नाही. चिखलातून वर येऊन हवा घेणारी श्वासमुळं बुडालेलीच राहिली आणि झाडं गुदमरली.

शेवटी त्या मजकुराला उत्तर देताना उलट टोकाला जाणाऱ्यांसाठी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मुंबईच्या आसपास तिवराचे पट्टेच्या पट्टे तपकिरी दिसतात आणि लगेच 'हवामानबदलानं खारफुटी मेली' असे फोटो फिरू लागतात. ते बहुतेक वेळा सागाची पानं खाणाऱ्या पतंगाच्या अळीचं काम असतं, आणि काही आठवड्यांत नवी पालवी येते. पानांच्या नुसत्या जाळ्या उरल्या असतील तर थांबा. पण जाळ्या नसतील तर ओहोटीच्या वेळी जाऊन बुंध्याशी बघा. बाहेर खाडी रिकामी झालेली आणि आत पाणी तसंच तुंबलेलं दिसलं, तर जवळपास कुठेतरी भराव पडलाय किंवा मोरी बुजलीय. त्याचा फोटो काढा आणि कांदळवन कक्षाकडे पाठवा.