आत्या, जर्मन किती दिवसांत येते?

माझ्या भावाच्या पोराने परवा रात्री अकराला (इकडे साडेसात वाजले होते) व्हॉइस मेसेज टाकला, मागे टीव्हीचा आवाज, वहिनी कुणाला तरी जेवायला हाक मारतेय, आणि हा विचारतोय, "आत्या, जर्मन किती दिवसांत येते गं? तीन महिन्यांत बी टू होतंय म्हणतात क्लासवाले." (बी टू ही जर्मनच्या परीक्षेची एक पायरी.) मी मूळची सांगलीकडची, अकरा वर्षं झाली इथे स्टुटगार्टला वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करतेय. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून असे मेसेज मला सारखे येतात, ओळखीचे, बिनओळखीचे, कुणाच्या तरी मावशीकडून नंबर मिळालेले. प्रश्न ठरलेलेच असतात. त्यामुळे माझी उत्तरंही आता ठरलीयत, पोरांना हसू येतं ऐकून, पण मी ती अगदी मनापासून देते.

किती दिवस? भाच्याला म्हटलं, तुझी आजी पुरणपोळी किती दिवसांत शिकली ते विचार तिला, ती म्हणेल अजून कधीकधी फुटते. पण आकडाच हवा असेल तर घे, इथे बाहेरून आलेल्यांसाठी सरकारचा जो इंटिग्रेशन कोर्स असतो त्यात भाषेच्या ६०० तासिका असतात आणि त्यातून बी वन गाठायचं असतं. रोज दोन तासिका धरल्या तर दहा महिने. आणि नर्सिंगला बी टू लागतं, म्हणजे त्याच्या पुढची पायरी. तीन महिन्यांत बी टू सांगणाऱ्याला फी देण्याआधी त्याच्याकडे शिकलेल्या पोराशी दहा मिनिटं बोलून ये.

ॲपवर होईल का? शब्द होतील. पण ॲप तुला हत्ती सफरचंद खातो असलं काहीतरी शिकवणार, आणि आमच्याकडच्या आजींना सफरचंद नको असतं, त्यांना उशी जरा वर हवी असते, खिडकी अर्धीच उघडी हवी असते आणि मुलगा रविवारी येणार का ते तिसऱ्यांदा विचारायचं असतं. इंग्रजीवर भागत नाही का? आयटीच्या ऑफिसात भागतं बऱ्यापैकी. आजींच्या खोलीत नाही. त्यात इथले लोक श्वेबिश ही इथली बोली बोलतात, ह्या राज्याने १९९९ साली स्वतःच्या जाहिरातीचं घोषवाक्यच असं केलं होतं की आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. तेव्हा पुस्तकातलं जर्मन पाठ करून आलास तरी पहिले सहा महिने कान लावून ऐकावंच लागणार, घाबरू नकोस.

आणि तो सगळ्यांचा लाडका प्रश्न, डेर डी दास, म्हणजे जर्मनमधले तो ती ते, लक्षात कसं ठेवायचं, टेबलाला कशाला लिंग हवं? अरे, तू आयुष्यभर तो पलंग ती खुर्ची ते टेबल म्हणतोयस की, तुला कुणी तक्ता पाठ करून दिला होता का? तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, फक्त वाटणी वेगळी, त्यांचं टेबल पुल्लिंगी आणि पलंग नपुंसकलिंगी. मुलीला दास मेडशेन म्हणतात म्हणजे नपुंसकलिंगी, यावर लोक फार हसतात, पण आपल्याकडे बघ, ते बाळ, ते लेकरू, ते वासरू, ते कोकरू, ते पिल्लू. जे लहान आणि लाडाचं ते सगळं 'ते'. श्वेबिशमध्येही कशालाही शेवटी ले लावतात, घराला हॉइस्ले, मुलीला मेडले, आणि ले लागलं की ते 'दास' झालं. आमच्या एक आजी मला अजून मेडले म्हणतात, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, मला ते ऐकायला फार आवडतं.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते आकड्यांचं. त्याच आजी, कामाच्या पहिल्या महिन्यात, त्यांना लेकीचा नवीन नंबर मला लिहून द्यायचा होता. इथे लोक फोन नंबर दोन दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. त्या म्हणाल्या झीबेनउंडड्रायसिश, म्हणजे सात आणि तीस. माझ्या शेजारी मनिलाची मैत्रीण उभी होती, तिने सात ऐकलं आणि हातावर सात लिहून टाकला, मग तीन, झाले त्र्याहत्तर, मग खोडलं. माझ्या डोक्यात मात्र सात आणि तीस ऐकल्या ऐकल्या सदतीस उमटलं आणि पेनाने सरळ ३७ लिहिले. आइनउंडत्स्वांत्सिश म्हणजे एक आणि वीस, एकवीस. फ्युन्फउंडत्स्वांत्सिश, पाच आणि वीस, पंचवीस. शाळेत गुरुजींनी पाढे घोकून घेतले ते असे परदेशात येऊन कामाला आले. इंग्रजीतून मोजायची सवय लागलेल्या आपल्याच पोरांना मात्र इथे उलटंसुलटं होतं, त्यांना मी सांगते, मनात मराठीत मोज बाबा, आपोआप बरोबर येतं.

वेळेचंही तसंच. हाल्ब द्राय म्हणजे शब्दशः अर्धे तीन, घड्याळात अडीच. आणि आपला अडीच शब्द कुठून आला, संस्कृत अर्धतृतीयवरून, म्हणजे तिसरा अर्धा, म्हणजे तेच हाल्ब द्राय! पुढे मात्र आपण साडे लावतो आणि ते हाल्बच ठेवतात, म्हणून हाल्ब फिअरला, म्हणजे अर्ध्या चारला, बोलावलं तर साडेतीनला जायचं, साडेचारला नाही. भाच्याने ऑनलाइन क्लासला हीच चूक केली, एक तास उशिरा गेला, क्लास संपलेला.

आता हे एकवीस पंचवीस आपल्याकडे २०१९ मध्ये किती पेटलं होतं आठवतंय ना, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आली होती, मंगला नारळीकर यांच्या समितीने ती सुचवली होती, कारण बासष्ट, त्रेसष्ट ही जोडाक्षरं लहान पोरांना अवघड जातात आणि आकडे उलटे लिहिले जातात. लोकांनी बाईंची फार टिंगल केली. मला ती पद्धत पटली नव्हती, अजूनही पटत नाही, पण टिंगल मुळीच पटली नाही, कारण अडचण खरी आहे. इथेही पोरं पंचवीसला बावन्न लिहितात, जर्मनमध्ये अशा चुकीला त्सालेनड्रेअर असा खास शब्दच आहे, आणि वीस एक म्हणा असं सांगणारी त्स्वांत्सिशआइन्स नावाची संस्थाही आहे. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने मोजायची पद्धत बदलून वीस एक अशी केली. म्हणजे बाईंनी काही आकाशातून आणलेलं नव्हतं, शांतपणे बोलायचा विषय होता तो.

आणि मग गेल्या वर्षीचा हिंदीचा वाद. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असा जीआर आला, जूनमध्ये दुसरा आला की सर्वसाधारणपणे हिंदी, दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं पाहिजेत, आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द करून नरेंद्र जाधवांची समिती नेमली. इकडच्या आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस नुसतं रण पेटलं होतं, आणि एका दादांनी लिहिलं की परदेशात पोरं चार चार भाषा शिकतात, आपलीच रडतात. ते वाचून मला राहवलं नाही, कारण ज्या राज्यात आम्ही राहतो तिथेच काय झालं ते बघा की. बाडेन-व्युर्टेमबर्गने २००३-०४ पासून पहिलीपासूनच परकी भाषा लावली, बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि ऱ्हाइनकाठी फ्रेंच. पंधरा वर्षं चालवलं. मग पोरांचं स्वतःच्या भाषेतलं लिहिणं वाचणं आणि गणित कच्चं राहतंय हे दिसायला लागलं, तेव्हा २०१८-१९ पासून ती भाषा तिसरीवर नेली आणि पहिली दुसरीच्या त्या तासिका जर्मन आणि गणिताला दिल्या. एवढं श्रीमंत राज्य, एवढे शिक्षक, तरी मागे घेतलं. आणि ही एकच जादा भाषा होती, आपण पहिलीच्या लेकरावर मराठी, इंग्रजी आणि वर तिसरी ठेवत होतो.

माझं हिंदीशी काही वैर नाही, मिरज स्टेशनवर वाढलेल्या माणसाला हिंदी येतेच, कानडीही थोडी येते, आणि ती कुणी पहिलीत शिकवली नव्हती, चहावाल्याने आणि शेजारच्या काकूंनी शिकवली. भाषा कितीही शिकाव्यात, मी तर चाळिशीत श्वेबिश शिकतेय. पण सहा वर्षांच्या पोराच्या हातात आधी एक तरी भाषा घट्ट बसू दे, तिच्यात त्याला भांडता येऊ दे, गोष्ट सांगता येऊ दे, सदतीस म्हटलं की सदतीस दिसू दे. मला जर्मन आली ती मराठी आतून पक्की होती म्हणून आली, हे मी ज्या ज्या पोराला फोनवर सांगते त्याला आधी वाटतं आत्या भावनेच्या भरात बोलतेय. मग आकड्यांचा धडा येतो आणि त्याचं तोंड उघडंच राहतं.

भाच्याला त्या रात्री लगेच उत्तर दिलं. तीन महिन्यांचा क्लास नको, दहा महिन्यांचा बघ, सांगलीत नाही मिळाला तर पुण्याला मॅक्सम्युलर भवनात चौकशी कर. आणि शनिवारी हाल्ब द्रायला फोन कर, तुझ्या घड्याळात सहा वाजलेले असतील.

त्याचा लगेच मेसेज आला, "अडीच ना आत्या? साडेतीन नाही ना?"

अडीच रे बाळा.