पहिल्याच नोकरीत हातपाय शाबूत ठेवण्याचा हट्ट कशाला?

नोकरीचे पत्र हाती पडल्याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. पहिल्या दिवशी काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. काय विचारू नये हे सांगायला कोणी पुढे येत नाही, म्हणून ती जबाबदारी आम्ही स्वखुशीने घेत आहोत. काहीही विचारू नये. मशीन तत्काळ थांबवण्याचे लाल बटण कोठे आहे, आग लागल्यास कोणत्या दाराने बाहेर पडायचे, डब्यावरच्या कवटीच्या चित्राचा अर्थ काय, असले प्रश्न विचारणाऱ्याकडे जुनी मंडळी ‘आला मोठा शहाणा’ अशा नजरेने पाहतात. आणि बोट गेले तर एकच जाते, अब्रू गेली की सगळीच जाते. कामावरचा पहिला महिना नव्या माणसाला सर्वाधिक धोक्याचा असतो असे अभ्यासक म्हणतात, पण त्या महिन्यात तुम्हाला मन जिंकायचे आहे की अभ्यासकांचे ऐकायचे आहे, हे एकदा ठरवून टाका.

मशीनमध्ये तुकडा अडकल्यावर तुमची खरी परीक्षा होते. नियमाप्रमाणे आधी मशीन बंद करावे, मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि मगच आत हात घालावा. यातली किल्ली खिशात ठेवण्याची कल्पना आम्हाला विशेष खटकते. तुमचा हात आत असताना पलीकडचा सहकारी नकळत मशीन चालू करील, असा संशय घेणे म्हणजे त्याच्या सज्जनपणावर अविश्वास दाखवणे होय. त्याला तुम्ही तिथून दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. तेव्हा मशीन चालू ठेवून, फिरत्या भागांवरचे संरक्षक झाकण म्हणजे गार्ड बाजूला सारून, दोन बोटांनी तुकडा चटकन ओढून घ्यावा. यात फार तर अर्धे मिनिट वाचते, परंतु सुपरवायझर ‘पोरगा चपळ आहे’ असे म्हणतो, आणि एवढे कौतुक मिळत असताना बोटांचा हिशेब मांडणे कद्रूपणाचे आहे. ड्रिल मशीनवर मात्र सुती हातमोजे आवर्जून घालावेत, म्हणजे फिरत्या ड्रिलला धाग्याचे एक टोक सापडले की पुढचे सगळे काम मशीनच करते.

टाकी किंवा मॅनहोल साफ करायला सांगितले, तर आतली हवा तपासण्याचे यंत्र मागून वरिष्ठांना अडचणीत आणू नये. निसर्गाने नाक दिले आहेच. अशा जागी साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांमागे शंभर भागांच्या आसपास पोहोचले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे समजून आणखी खाली उतरावे. आत सहकारी कोसळलेला दिसला तर बचाव पथकाची वाट न पाहता तत्काळ उडी घ्यावी. बंदिस्त जागांतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली नोंदवले होते. मैत्रीचा याहून भक्कम पुरावा आकडेवारीत सापडणे कठीण आहे.

कानांचे फारसे मनावर घेऊ नका. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास आणि १०० डेसिबलच्या आवाजात अवघी पंधरा मिनिटे, ही त्याच संस्थेची मर्यादा ऐकू येण्याइतके कान सध्या शाबूत आहेत, तेवढे पुरे.

जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटल्यास कामापासून दूर होणाऱ्या कामगाराला शिक्षा होऊ नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात लिहिले आहे. लिहिणाऱ्यांचे काय जाते! ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे दिसले, तेव्हा खालच्या मजल्यांवरच्या बँकेने आणि दुकानांनी कुलपे लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या कपडे कारखान्यांतले कामगार मात्र शिलाईवर हजर होते, कारण न आल्यास पगार कापण्याची धमकी होती. इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. ‘तडा आहे, आत जाणार नाही’ एवढे बोलायला परवानगी लागत नाही, नोकरीची भीती नसलेले पोट लागते, आणि पहिल्या नोकरीत ते कोणाकडेच नसते, हे व्यवस्थापनाला तुमच्याहून आधी ठाऊक असते.

एक काम मात्र विनाविलंब उरका. रुजू होताना ‘सुरक्षा प्रशिक्षण मिळाले व समजले’ असा एक कागद पुढे येईल. प्रशिक्षण झालेले नसेल, पण त्यासाठी गर्दीच्या वेळी रांग अडवून ठेवणे बरे दिसत नाही. सही करावी आणि तारखेची जागा रिकामी सोडावी, ती कार्यालय सोयीने भरते. पुढे काही घडलेच, तर चौकशीत सर्वांत आधी हाच कागद मागवला जातो, आणि त्यावर तुमची सही सापडली की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढे लिहून चौकशी जेवणाच्या सुट्टीआधी आटोपते.